हायडॅटिडच्या (कुत्र्याच्या फीतकृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीच्या) गोळ्या चालू असताना रक्तातल्या अँटिबॉडी वाढल्या. उपचार फसला का?

तालुका_फिजिशियन
यकृताच्या उजव्या लोबमध्ये एकच गाठ, ४.५ सेंमी, सोनोग्राफीवर सीई१ (सीई म्हणजे गाठीचे सोनोग्राफीवरचे टप्पे: १ म्हणजे पाण्याने भरलेली, जिवंत, ५ म्हणजे मेलेली, चुना साठलेली). वजन ५८ किलो. अल्बेंडाझोल (कृमींवरची गोळी) ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे. सुरुवातीला आयजीजी एलायझाचा, म्हणजे गाठीविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणाऱ्या रक्ताच्या टेस्टचा, इंडेक्स १.४ होता, तीन महिन्यांनी ३.६ आला. पहिला नमुना जिल्ह्याच्या लॅबला दिला होता, दुसरा मुंबईला. परवाच्या सोनोग्राफीत आतलं आवरण सुटून तरंगताना दिसतंय. घरचे घाबरलेत, ऑपरेशन करून मोकळं करा म्हणतात. काय करावं?

लॅबवाली
दोन लॅब म्हणजे बहुधा दोन किट. एकात गाठीतलं कच्चं पाणी अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) म्हणून, दुसऱ्यात शुद्ध केलेलं अँटिजेन बी, कट-ऑफही (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) आपापले. १.४ आणि ३.६ शेजारी मांडून काहीच कळत नाही.

फॉलो-अपसाठी औषध सुरू करण्याआधीचं सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) अर्धा-अर्धा मिलीच्या दोन-तीन नळ्यांत उणे २० ला ठेवायचं. नवा नमुना आला की जुना-नवा एकाच प्लेटवर लावायचा. एकच नळी पुन्हापुन्हा वितळवली तर अँटिबॉडी मार खातात, म्हणून वेगळ्या नळ्या. शिवाय रीडिंग फार वर गेलं की ते एका पातळीवर अडकतं. अँटिबॉडी निम्म्या झाल्या तरी आकडा हलत नाही. तेव्हा १:१०० पासून दुप्पट-दुप्पट पातळ करत टायटर (किती पातळ केल्यावरही टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) काढायला सांगा. एका पायरीचा फरक टेस्टच्या चुकीतच जातो. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, असेल तरच बोलायचं. आणि फॉर्मवर औषध सुरू केल्याची तारीख लिहा हो, नुसतं 'हायडॅटिड?' लिहून पाठवतात सगळे.

सोनो_सोलापूर
किट एकच असतं तरी आकडा चढू शकला असता. सीई१ ची भिंत शाबूत असते, अँटिजेन आत कोंडलेलं. म्हणून या टप्प्यात टेस्ट निगेटिव्हही येते. औषधाने आवरण सुटलं की अँटिजेन झिरपतं आणि शरीर नव्याने अँटिबॉडी बनवतं. तुमचं वर्णन सीई३ए चं आहे, म्हणजे गोळी लागू पडतेय. ऑपरेशनची घाई नको.

पुढच्या सोनोग्राफीत तिन्ही मापं घ्या आणि आतलं पाणी कमी होऊन घट्ट भाग वाढतोय का ते पाहा. सीई४ (घट्ट, निष्क्रिय) कडे गेली तर उत्तम. घट्ट भागात पिल्लू-गाठी दिसल्या तर ती सीई३बी. तिथे नुसत्या गोळ्या कमी पडतात, तेव्हा सर्जनशी बोला. ताप, कावीळ किंवा अचानक दुखणं आलं तर मात्र त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, गाठ पित्तनलिकेत फुटलेली असू शकते.

तालुका_फिजिशियन
म्हणजे एलायझा निगेटिव्ह होईपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या?

लॅबवाली
अजिबात नाही! गाठ मेल्यावरही आयजीजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, सीई५ मध्येसुद्धा. गोळ्या कधी थांबवायच्या ते सोनोग्राफीवर ठरवा, साधारण तीन ते सहा महिन्यांचा कोर्स धरून. आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) काही रुग्णांत लवकर उतरतं, पण त्यावरही एकट्यावर निर्णय नको.

टेस्टचा खरा उपयोग गाठ पूर्ण काढल्यावर. आधी थोडी चढते, मग महिनोन् महिने उतरत जाते. उतरलेली पुन्हा चौपट चढली तर पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून शोध घ्या. फिट्सचा इतिहास असेल तर तेही कळवा. मेंदूतल्या सिस्टिसर्कोसिसच्या (डुकराच्या फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठींच्या) अँटिबॉडी या टेस्टमध्ये घोळ घालतात. त्या रुग्णाला अल्बेंडाझोल दिल्यावर मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकते, हे तर आणखी महत्त्वाचं.

फार्मा_मामा
आकडे राहू द्या, गोळी पोटात कशी जाते ते विचारलंत का? उपाशीपोटी ती फारशी शोषलीच जात नाही. स्निग्ध जेवणाबरोबर शोषण पाचपटीपर्यंत वाढतं. कोरडी भाकरी पुरत नाही, वर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी नाहीतर साईसकट दूध हवं, दोन्ही वेळेला. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी एलएफटी (यकृताची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग महिन्याला. यकृताचे एन्झाइम्स नॉर्मलच्या दुपटीवर गेले किंवा पांढऱ्या पेशी घसरल्या तर गोळी थांबवून पुन्हा तपासा. बाई असेल तर गरोदर नाही ना, ते आधी.