मदत हवी आहे: 'भाकऱ्या' नीट उमटवणारा ठसठशीत फॉन्ट

नमस्कार मंडळी,

आमच्या वहिनी पुढच्या महिन्यात पोळी-भाजी केंद्र सुरू करतायत. बोर्ड १० बाय ३ फुटांचा. वर मोठ्ठं 'शिदोरी', खाली 'चुलीवरच्या भाकऱ्या'. घरात कॉम्प्युटरवर बसतो तो मीच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात.

फ्लेक्सवाल्याने प्रूफ पाठवलं, त्यात 'भाकर्या'. रफार थेट 'या'च्या डोक्यावर! बदला म्हटलं तर म्हणे, "एवढं कोण बघतंय?" वहिनींनी बघितलं. म्हणाल्या, "ही काय आर्याची धाकटी बहीण?" त्याच्याकडचे फॉन्ट युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीचे आहेत. माझा मजकूर पेस्ट केला की चौकोन येतात, मग तो हाताने पुन्हा टाइप करतो आणि तिथेच घोळ होतो.

म्हणून गूगल फॉन्ट्सवर शोधतोय. 'मोदक' नावासारखाच गुबगुबीत, बघताक्षणी आवडला. पण अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा केसाएवढी. रस्त्यापलीकडून दिसेल का? 'रोझा वन' देखणा, पण त्यात भाकरी सोन्याच्या भावाची वाटते. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, तो जवळचा वाटतोय. आणखी काही सुचवाल का? शिवाय 'ल' हिंदी वळणाचा येतोय, तो कसा बदलायचा? आणि फुकटचा फॉन्ट धंद्याच्या बोर्डावर चालतो का?

प्रतिसाद १

शेवटचं आधी. हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. बोर्ड, पिशव्या, लोगो, सगळ्याला चालतात. फक्त फॉन्टची फाइल नुसती विकायची नाही.

'ऱ्या'साठी साधा र नको, खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ हवा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग हलन्त, मग या.

ल आणि श चं दुखणं जुनं आहे. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श. २००९ च्या शासन निर्णयातही तेच रूप धरलंय. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच आपलं रूप दिसतं. लिब्रे ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. तरी बदललं नाही, तर त्या फॉन्टात सोय नाही, पुढचा बघा.

मोदक 'शिदोरी'ला वापरा, खालच्या ओळीला नको. तिथे 'मुक्ता'चं जाड वजन घ्या. दोन्ही ओळी नटवल्या की बोर्ड वरातीसारखा दिसतो.

प्रतिसाद २

फ्लेक्सवाल्याला टाइप करायला देऊच नका! इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लावा, पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि पीडीएफ द्या. अक्षरांची चित्रं झाली की त्याच्याकडे फॉन्ट असो-नसो. त्याला "कर्व्ह करून दिलंय" एवढं सांगा, कळेल. आणि आधी ए-फोरवर प्रिंट काढून भिंतीला लावा, दहा पावलं मागे जाऊन वाचा.

धागाकर्ता

प्रिंट लावली. दहा पावलांवरून मोदकमधला 'शि' नुसता गोळा, यात्रा वन स्वच्छ. वर यात्रा, खाली मुक्ता ठरलं. 'ऱ्या' आला, शिफ्ट-जे बद्दल धन्यवाद. आता वहिनींना 'शि'ची वेलांटी ओढून 'दो'वर पदरासारखी हवी आहे. कर्व्ह केल्यावर तसं ओढता येईल ना, की 'दो'ची मात्रा आड येईल? कुणी केलं असेल तर फोटो टाका.