पाच नोव्हेंबर, लुईस आणि बंद रस्ते : तुमचे अनुभव सांगा

होव्हकरीण
काल ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लुईसच्या बंद रस्त्यांची यादी टाकली आणि माझं कामातलं लक्षच उडालं. लुईस म्हणजे इंग्लंडमधलं ससेक्सचं छोटं गाव. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याच्या आठवणीत पाच नोव्हेंबरच्या रात्री तिथे मशालींच्या मिरवणुका निघतात आणि होळ्या पेटतात. यंदा, म्हणजे २०२५ ला, पाच नोव्हेंबर बुधवारी. पार्किंग दुपारपासूनच बंद, संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावात शिरणारे रस्ते बंद आणि त्यानंतर एकही ट्रेन तिथे थांबणार नाही. वर ठळक अक्षरांत, बाहेरगावच्यांनी येऊ नये.

आम्ही मात्र ट्रेननेच गेलो होतो! २०१५ ची गोष्ट, मी ससेक्स युनिव्हर्सिटीत होते. फाल्मरला बसलं की पुढचंच स्टेशन लुईस, आणि तेव्हा रात्रीही गाड्या थांबायच्या. गावातल्या क्लिफ भागाच्या पुलाजवळ उभं राहायला जागा मिळाली म्हणून आम्ही कोण खूश! मग मिरवणुका यायला लागल्या. आडव्या पट्ट्यांच्या जर्सी घातलेली माणसं, हातात पेटत्या मशाली आणि मधूनच जळती डांबराची पिंपं ओढत पळणारी पोरं. पिंप समोर आलं की गाल भाजायचे, पुढे सरकलं की परत नोव्हेंबरचा गारठा.

इथपर्यंत मजा. नंतर पुलावर दोन्ही बाजूंनी माणसं आली. मागचे पुढे रेटतायत, पुढच्यांना पोलिस मागे सारतायत. मी थंडीने हात छातीशी घेतले होते ते तसेच राहिले, खाली सोडायला जागाच नाही. पायाखाली विझत आलेली मशालींची थोटकं. शेजारची एक उंच बाई सारखी सांगत होती, हात असेच छातीपुढे ठेव, ढकलू नकोस, लाटेबरोबर जा. तिचं ऐकलं म्हणून निभावलं. मग स्टेशनबाहेर रांग. थोडी थोडी माणसं आत सोडत होते आणि आमच्यातल्या एकीला नेमकी तेव्हाच लघवी लागलेली.

त्या साली तेव्हाच्या पंतप्रधानाचा, डेव्हिड कॅमेरॉनचा, डुकरासकट मोठा पुतळा जाळला. आम्ही एवढ्या जवळ असून तो दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिला.

लिहा तुमचेही. लुईसचेच हवेत असं काही नाही. आग, गर्दी आणि पुढे आडवा पोलिस, एवढं असलं की चालेल. आत अडकलेले, बाहेर राहिलेले, दोघांनीही लिहा.

फोडणी
मस्त धागा! मला खूप लिहायचंय. कुकर उतरवून आलेच.

आतली
मी त्या बंद रस्त्यांच्या आत राहते, म्हणून हे नाव 😀

आमच्याकडे पाच तारखेची तयारी म्हणजे आदल्या रात्री गाडी टेकडीपलीकडे नेऊन लावायची आणि परत चालत यायचं. सकाळी हाय स्ट्रीटवर गेलं तर ठाकठूक ठाकठूक, दुकानांच्या काचांवर प्लायवूड मारणं चाललेलं. दूध, ब्रेड, मुलाचं औषध आधीच आणून ठेवायचं, कारण दुपारनंतर दुकानं मिटतात. नवरा लंडनला असतो. पाचच्या आत लुईसला उतरला तर घरी, नाहीतर त्याने ब्रायटनला मित्राकडे झोपायचं. गेल्या खेपेला सिग्नलच्या गोंधळात त्याची गाडी रखडली आणि लुईस स्टेशनातून तो न थांबता निघून गेला. मला फोन केला, "आपलं घर दिसलं गं खिडकीतून".

रात्री दाराच्या फटींना ओली फडकी लावते. तरी पॅराफिनचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो. मशाली म्हणजे काठीला गोणपाट गुंडाळून पॅराफिनमध्ये बुडवलेला असतो, त्यामुळे धूर काळा आणि चिकट.

एक मात्र मानते. सकाळी सहा-साडेसहाला बाहेर बघावं तर रस्ता लोटलेला. रात्री इथे काय होतं ते सांगूनही खरं वाटू नये.

शंकासुर
पोलिस, दोर, परवाने… आमच्या गावात शिमग्याला असं कुणी आडवं आलं तर आधी त्याच्याच नावाने बोंब ठोकतील 😂 होळीचं झाड तोडून खांद्यावर नाचवत आणतात, तेव्हा रस्ता कुणाचा? होळीचा! एसटीवाला स्वतः इंजिन बंद करून खाली उतरतो आणि झाडाला हात लावून नमस्कार करतो.

होव्हकरीण
शंकासुरा, तुमचं गाव केवढं आणि हे केवढं! पण तू लिही रे, शिमग्याचं वाचायला आवडेल.

शंकासुर
लिहितो. आता लोकलमध्ये एका हाताने टाइप करतोय.

पायी पायी
आम्ही पोरं-पोरं २०२२ ला गेलो. शनिवार होता. ट्रेन नाही, बस नाही, मग काय, फाल्मरहून ए-२७ हायवेच्या कडेच्या वाटेने चालत. चार मैल असेल. जाताना गाणी म्हणत गेलो. गावाच्या तोंडाशी एका स्वयंसेवक काकांनी विचारलं, कुठून आलात? म्हटलं चालत. "परतही तसंच जावं लागेल, माहितीये ना?" माहिती होतं हो, पण रात्री एक वाजता, पाऊस सुरू झाल्यावर माहिती असणं वेगळं. एकाच्या मोबाईलचा टॉर्च, बाकी सगळ्यांची बॅटरी फोटो काढून संपलेली.

पण खरं सांगू? अख्ख्या वर्षात इतकं भारी काही पाहिलं नाही.

आतली
बाळा, तुझ्या आईला माहितीये का हे?

पायी पायी
नाही ताई, आणि या धाग्याची लिंक तिला पाठवू नका 🙏

मिडलँड्सवाला
मला एक पटत नाही. आपल्या करातून पोलिस बंदोबस्त, आणि आपणच यायचं नाही? सण सार्वजनिक रस्त्यावर करायचा आणि वर "हा फक्त गावकऱ्यांचा" म्हणायचं, हे कसं काय?

आतली
दादा, एकदा दिवसा येऊन बघा. गाव सतरा हजारांच्या आसपास. हाय स्ट्रीट जुना, अरुंद, आणि स्कूल हिलचा उतार थेट नदीकडे. पाच तारीख शनिवारी आली की ऐंशी हजारांपर्यंत माणूस आल्याचं सांगतात. उतारावर वरून रेटा आला तर खालच्याने जायचं कुठे? दोन्हीकडे भिंती आणि समोर जळतं पिंप.

बरं, आयोजक एक असता तर त्याला सांगता आलं असतं की स्टँड बांधा, तिकीट लावा. इथे त्या रात्री सहा सोसायट्या, म्हणजे मिरवणुका काढणारी मंडळं, उतरतात. क्लिफ, कमर्शियल स्क्वेअर, लुईस बरो, साउथ स्ट्रीट, साउथओव्हर, वॉटर्लू. प्रत्येकीचा मार्ग वेगळा, जर्सीचे पट्टे वेगळे, होळीचं मैदान वेगळं. कुणी कुणाचं ऐकत नाही. "आम्हाला कुणी हाकू शकत नाही" हे ससेक्सवाल्यांचं ब्रीदच आहे. १८४७ मध्ये लंडनहून पोलिस मागवून हे बंद पाडायचा प्रयत्न झाला होता, रायट अ‍ॅक्ट, म्हणजे जमावाला पांगायचा कायदेशीर हुकूम, वाचला गेला. काय झालं ते दिसतंच आहे. मग प्रशासनाच्या हातात उरतं काय? रस्ता आणि ट्रेन. तेवढं ते बंद करतात.

मला त्यांचा रागही येतो, पण दोन्ही पोरं घरी सुखरूप असली की तो जातोही.

मिडलँड्सवाला
हम्म. उताराचं लक्षात आलं नव्हतं. तरी "येऊ नये" हे शब्द टोचतातच.

रात्रपाळी
मी केअरर आहे, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. हाय स्ट्रीटला लागून एक आजी आहेत, त्यांची रात्रीची भेट असते. एजन्सीने (नाव नको) पाच तारखेला नेहमीसारखी संध्याकाळी सातची वेळ लावून दिली. म्हटलं, साहेब, सातला मी उडत जाऊ? शेवटी मीच आजींशी बोलून दुपारी तीनलाच गेले आणि रात्री तिथेच सोफ्यावर झोपले. पगार तेवढ्याच तासाचा, हे वेगळं सांगायला नको.

पण रात्र लक्षात राहिली. आजींना खुर्चीसकट खिडकीशी नेलं. खाली सतरा जळते क्रूस आले. कॅथलिक मेरी राणीच्या काळात, १५५५ ते १५५७ मध्ये, या गावात सतरा प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं, त्यांच्या नावाचे ते. एवढा वेळ कानठळ्या बसवणारे फटाके, आणि युद्धस्मारकापाशी मिरवणूक थांबली तर सगळं गप्प. आजींनी मला टीव्हीचा आवाज बंद कर म्हणून हाताने खुणावलं. टीव्ही मुळात लावलेलाच नव्हता.

मग म्हणाल्या, माझे वडील पिंप ओढायचे, आई भुवया मोजायची घरी आल्यावर.

फोडणी
रात्रपाळी, किती छान लिहिलंयस गं! मी येते, पोळ्या राहिल्यात.

वसईची पोर
मी कॅथलिक, वसईची, त्यामुळे माझा किस्सा जरा वेगळा. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. गाय फॉक्स, १६०५, पार्लमेंट उडवायचा कट, एवढं शाळेतलं माहिती. मैत्रिणीचं घर क्लिफमध्ये, तिने सकाळीच बोलावून घेतलेलं, म्हणून रस्ते बंद व्हायच्या आत पोचले. रात्री रस्त्यावर आडवा भलामोठा फलक, "नो पोपरी", म्हणजे पोपचा पंथ नको. आणि मागून पोपचा पुतळा! म्हटलं, अरे देवा, गळ्यात माझ्या क्रूस, तो पटकन स्वेटरच्या आत घातला.

मैत्रीण हसून लोळायची बाकी. म्हणाली हा आत्ताचा पोप नव्हे, पाचवा पॉल, कटाच्या वेळचा. ती स्वतः कॅथलिक, तिचा नवरा सोसायटीत, घरी लग्नात जर्सी घालून आलेला. वर्षभर चर्चमध्ये आणि एक रात्र इथे. तिच्या सासूबाईंनी मला गरम सूप दिलं आणि विचारलं, "तुला वाईट नाही ना वाटलं?" मी नाही म्हटलं. थोडं वाटलं होतं. अजूनही ठरवता आलेलं नाही.

माझ्या भावाला मात्र यायचं होतं, तो ब्रायटनहून सहाला निघाला. फोनवर ओरडत होता, "मला सोडत नाहीत!" मी म्हटलं, तू घरी जा, इथे आपल्या पोपला जाळतायत.

पायी पायी
शेवटची ओळ 😂😂

डेव्हनकर
लुईसचे फार लाड झाले. आमच्या डेव्हनमधल्या ओटरी सेंट मेरीला या कधी! तिथे पिंप ओढत नाहीत, पेटतं पिंप खांद्यावर, म्हणजे जवळजवळ मानेवर घेऊन गर्दीतून पळतात. हातात गोणपाटाचे मोजे, बस. पळणारे गावातलेच, बापाकडून मुलाकडे, मुलीकडेही. शेवटचं पिंप मध्यरात्रीच्या सुमारास चौकात, तीस किलोच्या पुढचं.

तिथेही रस्ते बंद, पण पद्धत वेगळी. बाहेरच्यांना या म्हणतात, शेतात पैसे घेऊन गाड्या लावून घेतात. आमची गाडी चिखलात अशी रुतली की ट्रॅक्टरने काढली. ट्रॅक्टरवाला वाटच बघत होता म्हणे. आणि बॅरिकेड कुठेही नाही! पिंप ज्या बाजूला वळेल तिकडची माणसं किंचाळत फाकतात आणि मागे परत मिटतात. बायकोच्या नव्या जॅकेटच्या बाहीला भोक पडलं. तिने ते रफू केलेलं नाही, सगळ्यांना दाखवते.

शंकासुर
हे आमच्यासारखं झालं!

चिमणी
लहान मुलं घेऊन जावं का? माझी चार वर्षांची आहे, फटाक्यांना घाबरत नाही, दिवाळीत सगळ्यांत पुढे असते.

आतली
चिमणी, नको गं. दिवाळीचे फटाके वेगळे. इथे पायाशी बार टाकतात आणि भिंतींमुळे आवाज घुमतो. बाबागाडीला जागा नाही, ठिणग्या उडतात, आणि रडायला लागली तर तुला बाहेर पडायला वाटच नाही. माझ्या धाकट्याला दमा आहे, तो त्या रात्री मागच्या खोलीत इनहेलर उशाशी घेऊन. ससेक्समध्ये सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत गावोगावच्या होळ्या असतात, त्यातली एखादी छोटी बघ.

मिडलँड्सवाला
दिवाळीवरून आठवलं. इथे रात्री अकरानंतर फटाक्यांना बंदी, पाच नोव्हेंबरला बारापर्यंत सूट, आणि दिवाळीला? एकपर्यंत! हे कागद छापून शेजाऱ्याला दाखवलं मी. बिचारा तासभर जास्त बघून गप्पच झाला.

चिमणी
खरंच? आणि आम्ही साडेदहाला आवरतं घेतो दरवर्षी.

वसईची पोर
घ्यावंच हो, शेजाऱ्याचं कुत्रं काय कायदा वाचतं?

होव्हकरीण
फोडणीताई, कुकर उतरला का?

फोडणी
उतरला, पोळ्या झाल्या, जेवणं झाली, आता झोपते. उद्या नक्की!!

ईस्टबोर्न नवीन
मधेच विचारते, सॉरी. बुधवारी संध्याकाळी मला लंडनहून ईस्टबोर्नला यायचंय. गाडी लुईसवरूनच जाते ना? ती येणारच नाही की फक्त थांबणार नाही?

आतली
नेहमी फक्त थांबत नाही, पुढे जाते. पण आसपासची काही लहान स्टेशनंही गाळतात आणि वेळापत्रक बदलतं, तेव्हा निघायच्या आधी रेल्वेचं पान बघा. लुईसला गाडी बदलायची असेल तर मात्र दुसरा मार्ग शोधा. आणि डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवा, कुठेतरी नवरा दिसेल माझा.