तुळशीच्या कुंडीत सापाचं पिल्लू?

मी बडोद्याला, दांडिया बाजारात राहते. काल तुळशीची कुंडी उपसली तर बोटभर लांब, तुकतुकीत तपकिरी काहीतरी सळसळत निघालं. शेपूट लालसर. पाय आहेत, पण तांदळाच्या कणीएवढे! सासूबाई विषारी म्हणतात. मी मारू देत नाहीये. काय असेल?

— ताई, सापसुरळी. अजिबात विषारी नाही. पापणी मिटते का बघा. सापाला पापण्या नसतात, कानाचं छिद्रही नसतं. शेपटीला धरू नका, तुटते.

— मातीत घुसायचं तर पाय अडचणच. ओडिशात चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावरून १९१७ साली नोंदलेल्या सुरळीला तर पायच नाहीत!

— मिटली पापणी! सासूबाईंनीही पाहिली. माती परत भरली, हलक्या हातानं.