मदत हवी आहे: मराठी संहितेसाठी छोटी मार्कअप भाषा आणि तिच्यातून वेबपान, ईपब, पीडीएफ व वर्ड

नमस्कार.

स्वामित्वहक्काची मुदत संपलेले, म्हणजे आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेलेले जुने मराठी साहित्य टंकून मोफत उपलब्ध करून देण्याचे काम आम्ही काही जण फावल्या वेळात करतो. प्रत्येक पुस्तक वेबपान, ईपब आणि छपाईयोग्य पीडीएफ या तिन्ही रूपांत द्यायचे असते, शिवाय मुद्रितशोधकांना वर्डची फाइल लागते. ही चारही रूपे एकाच मूळ फाइलीतून निघावीत आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी व्हावी, यासाठी मी एक छोटी मार्कअप भाषा (मजकुरातच खुणा घालून कोणता भाग शीर्षक, टीप वा पद्य आहे हे सांगण्याची पद्धत) आखत आहे. आराखडा बराचसा झाला आहे, परंतु तो पक्का करण्यापूर्वी पार्सर (खुणा वाचून मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) किंवा पॅनडॉक (एका स्वरूपाची फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणारा प्रोग्रॅम) यांवर काम केलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मार्कडाउन ही प्रचलित मार्कअप भाषा का नको, हा प्रश्न प्रथम येईल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन प्रसिद्ध केले ते वेबसाठी लिहिणाऱ्यांकरिता, आणि जे मार्कडाउनमध्ये नाही ते थेट एचटीएमएलमध्ये लिहावे अशी सोय त्यात ठेवली. आमच्या कामात हीच सोय अडचणीची ठरते, कारण पॅनडॉकने पीडीएफसाठी लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीची फाइल तयार करताना असा एचटीएमएलचा तुकडा मुकाट्याने गळून पडतो आणि पुस्तक छापून हाती येईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी अडचण मराठीच्या विभक्तिप्रत्ययांची आहे. शब्द ठळक करण्यासाठी **‘केसरी’**तील असे लिहिले, तर कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या काटेकोर व्याख्येच्या, नियमांप्रमाणे शेवटच्या दोन ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आल्यामुळे ते तारे ठळकपणा बंद करू शकत नाहीत, आणि छापील मजकुरात तारे जसेच्या तसे दिसतात. ठळक व तिरप्या अक्षरांसाठी कॉमनमार्कमध्ये १७ नियम आहेत, पण शब्दाला प्रत्यय सरळ चिकटणाऱ्या भाषेचा विचार त्यांत फारसा दिसत नाही. याशिवाय ‘१.’ अशा देवनागरी अंकाने सुरू होणारी यादी कॉमनमार्क यादी म्हणून ओळखतच नाही.

जॉन मॅकफार्लेन यांनी २०२२ मध्ये आणलेल्या जॉट या मार्कअप भाषेमध्ये प्रत्ययाची अडचण महिरपी कंसांनी सुटते. तरीही मी ती भाषा घेतली नाही, याचे कारण कळफलक. आमच्याकडचे सर्वांत वेगवान टंकलेखक इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलक-मांडणीवर टंकतात. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी कळफलकावरच्या ताऱ्याच्या जागी श्र, हॅशच्या जागी रफार नव्हे तर पायातला र, चौकटी कंसाच्या जागी ड, महिरपी कंसाच्या जागी ढ आणि अधोरेषेच्या जागी विसर्ग असतो. म्हणजे प्रचलित हलक्या मार्कअप भाषा ज्या चिन्हांवर उभ्या आहेत, ती जवळजवळ सर्व चिन्हे उमटवण्यासाठी दरवेळी कळफलक बदलावा लागतो. अवतरणचिन्हांसाठी तो बदलावा लागतोच, पण ती मूळ मजकुराचा भाग आहेत. खुणांसाठी तेवढाच त्रास पुन्हा देणे मला योग्य वाटत नाही. कळफलक न बदलता जे हाताशी उरते ते असे: पूर्णविराम, स्वल्पविराम, दंड, संयोगचिन्ह आणि साधे गोल कंस. एवढ्याच सामग्रीत भाषा बसवायची, असे मी ठरवले आहे.

परिच्छेदाच्या पातळीवर हे सोपे गेले. ओळीच्या आरंभी टिंब आणि त्याला लागून आज्ञेचे नाव, ही रीत जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये एमआयटीत लिहिलेल्या रनऑफ या मजकूर-मांडणीच्या प्रोग्रॅमपासून चालत आली आहे आणि युनिक्सच्या ट्रॉफमध्ये ती आजही वापरात आहे. तीच मी मराठी नावांनिशी घेतली:

.प्रकरण पहिले
.ओवी १२
.अभंग ४

टिंबाला लागून देवनागरी अक्षर असेल तरच ती आज्ञा मानायची, त्यामुळे ‘...आणि’ अशा तीन टिंबांनी सुरू होणारी ओळ सुरक्षित राहते. आज्ञेचे नाव ठरलेल्या यादीत नसेल, तर अंदाज न करता ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवून थांबायचे. मार्कडाउनमध्ये कोणतीही फाइल चुकीची ठरत नाही, काहीतरी उमटतेच. पण पुस्तकाच्या कामात मला तो गुण वाटत नाही.

पद्याच्या बाबतीत चिन्हांआधी दस्तऐवजाचा वृक्ष, म्हणजे घटकांची एकात एक बसणारी रचना, ठरवावा लागला. पॅनडॉकच्या अंतर्गत रचनेत पद्यासाठी ‘लाइन ब्लॉक’ आहे. त्यात ओळींना जागा आहे, पण ओवीचा क्रमांक किंवा पद्याचा प्रकार यांना नाही, म्हणून त्याभोवती वेगळे वेष्टन द्यावे लागते. वर्डमध्ये जाताना तर या सर्व ओळींचा एकच परिच्छेद होतो आणि मधे फक्त ओळतोड येते. लांब चरण अरुंद पानावर दुमडला, तर दुमडलेला भाग थोडा आत सरकलेला दिसायला हवा, नाहीतर वाचणाऱ्याला तो नवा चरण वाटतो. पण सगळे चरण एकाच परिच्छेदात असले, तर दुसऱ्या चरणापासून सगळेच आत सरकतात. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोठ्या अभंगात शेवटचा आखूड चरण मुळातच वेगळा उठून दिसायला हवा, तिथे हा घोटाळा फार खुपतो. त्यामुळे माझ्या वृक्षात ‘ओळतोड’ नाहीच. ‘चरण’ हा स्वतंत्र घटक आहे, आणि त्याचे वर्डमध्ये परिच्छेद, लाटेकमध्ये पद्याची ओळ, वेबपानात स्वतंत्र खंड असे रूपांतर होते. टीईआय या संहिता संगणकावर नोंदवण्याच्या, १९८७ पासून विकसित होत आलेल्या पद्धतीतही कडवे आणि ओळ असे दोन वेगळे घटक आहेत. त्यामुळे या निर्णयाबद्दल मला फारशी शंका नाही.

खरी अडचण वाक्याच्या आतल्या खुणांची आहे. आज मी दुहेरी गोल कंस धरले आहेत: ((ठळक ‘केसरी’))तील, किंवा ((टीप हा शब्द जुन्या प्रतीत नाही)). एकेरी कंस वापरला असता, तर ‘अ)’ किंवा ‘१)’ असे अर्धे कंस मराठी मजकुरात सर्रास येत असल्यामुळे टीप मधेच बंद झाली असती. दुहेरी कंसात ही भीती कमी होते, पण टिपेच्या शेवटी साधा कंस आला की ((टीप पाहा (पान ४०))) असे तीन कंस एकत्र येतात. यासाठी मी उघडे कंस क्रमाने लक्षात ठेवतो: आतला साधा कंस उघडा असेल तर पहिला बंद कंस त्याचा, आणि उरलेले दोन टिपेचे. मात्र ((टीप मुद्दा अ))) यात साधा कंस उघडलेलाच नसतो, तिथे शेवटचे दोन कंस टिपेचे धरायचे, असा जादा नियम करावा लागतो. हा नियम एकमेकांत गुंतलेल्या टिपांमध्ये कुठे तुटेल का, हे मला कागदावर सिद्ध करता आलेले नाही. इथे कुणाला भोक दिसत असेल, तर कृपया उदाहरणासह सांगावे.

याच खुणेशी जोडलेला दुसरा प्रश्न मात्रांचा आहे. कुणी ((ठळक घर))ाचा असे टंकले, तर काना अक्षराऐवजी कंसाला जाऊन चिकटतो, आणि लाटेकमध्ये ठळक व साधा टंक वेगळे असल्याने छपाईत तो काना ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. बंद खुणेनंतर लगेच मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आला तर चूक दाखवून पूर्ण शब्द खुणेच्या आत घ्यायला सांगायचे, असे मी योजले आहे. जोडाक्षरांतील अदृश्य जोडखुणा पार्सरने पुसू नयेत, हेही नियमात घातले आहे. अशा आणखी जागा कोणत्या, हे मला हवे आहे.

तिसरा प्रश्न पाठभेदांचा. शब्दार्थाच्या टिपा आणि पाठभेद या दोन वेगळ्या मालिका असतात, आणि पाठभेद पुष्कळदा एका चरणाच्या मध्यापासून पुढच्या चरणाच्या मध्यापर्यंत जातो. वृक्षात असे दोन घटकांना छेदून जाणारे टोक बसत नाही. मग आरंभी व शेवटी केवळ बिंदूखुणा ठेवून त्यांना एकच क्रमांक द्यावा, की पाठभेद चरणागणिक तोडून लिहावा? पहिल्या मार्गाने संहिता स्वच्छ राहते, पण ईपबमध्ये टिचकी मारून उघडणारी टीप नेमकी कशाला जोडायची, हे कळेनासे होते. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, मात्र संपादकांना तो रुचेल असे वाटत नाही.

शेवटी अंमलबजावणीबद्दल. स्वतःचे चार रूपांतरक लिहिण्यापेक्षा पॅनडॉकसाठी ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेत वाचक (आमची फाइल वाचून ती पॅनडॉकला समजेल अशी करणारा भाग) लिहून पुढचे काम पॅनडॉकवर सोपवावे, असा विचार आहे. वर्डसाठी चरणांचे परिच्छेद करणारा एक फिल्टर तेवढा वेगळा लागेल. ज्यांनी असा वाचक लिहिला आहे, त्यांनी एवढे सांगावे की शेकडो पानांच्या फाइलीत चुकीचा नेमका ओळ क्रमांक दाखवणे त्यात सहज जमते का, की त्यासाठी तपासणीचा टप्पा आधी स्वतंत्रपणे चालवणे बरे. टंकलेखकांना पॅनडॉकचा इंग्रजी त्रुटीसंदेश दिसू नये आणि चूक मराठीतच कळावी, ही माझी अट आहे. आराखड्याचा मसुदा आणि गद्य-पद्य मिश्रित नमुना तयार आहे. कुणी तपासायला तयार असेल तर इथेच देतो.