स्प्लेंडर २००१: क्लच पण घसरतोय आणि बल्ब पण उडतायत, आधी काय धरू?

छावणीकर
नमस्कार मंडळी. बाबांची २००१ ची स्प्लेंडर दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, दिवाळीनंतर बाहेर काढली. याच गाडीवर शिकलो त्यामुळे विकायची नाहीये, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिलं उत्तर तेच येईल. काढली तेव्हा पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायची आणि सिग्नलला न्यूट्रल सापडायचाच नाही. गल्लीतल्या मिस्त्रीने क्लचची वायर कसून दिली. ऑइल कमी दिसलं म्हणून घरात कारचं उरलेलं होतं ते मीच ओतलं (हसू नका). आता सरकत नाही, पण रविवारी बायकोला घेऊन ओंकारेश्वरला निघालो, सिमरोल सोडून भेरूघाट लागला आणि तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही चढेना, वर जळका वास. अर्ध्या घाटातून परत फिरलो, बायको अजून बोलत नाहीये.

दुसरं म्हणजे हॉर्न मेल्यासारखा वाजतो, इंडिकेटर लुकलुकत नाही नुसता मंद पेटून राहतो, आणि महिन्यात हेडलाइटचे तीन बल्ब उडाले. मिस्त्री म्हणतो क्लच प्लेटा, बॅटरी, पूर्ण वायरिंग सगळंच टाका. मला वाटतं गाडी चालू होते म्हणजे बॅटरी ठीकच असणार ना?

पातालपाणी_पॅसेंजर
भिया कारचं ऑइल!! स्प्लेंडरचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचा तसा नसतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, प्लेटांना तीच नडतात. काढून टाक ते, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचला चालतं याची खूण) लिहिलेलं १०डब्ल्यू३० ग्रेडचं घे. वहिनींना सराफ्यात ने, त्यांचा राग घालवायचा पार्ट इथे कुणाकडे मिळणार नाही.

बडोद्याचा_बंड्या
मी तर म्हणतो मिस्त्री बरोबर आहे, इतकी जुनी वायरिंग, कुठे कुठे शोधत बसणार, नवीन हार्नेस (वायरिंगचा अख्खा जुडगा) टाका आणि मोकळे व्हा. माझ्या गाडीला तेच केलं.

जुना_तारवाला
बंड्या, रोग न बघता औषध नको. छावणीकर, तुमच्याकडे चार वेगळी दुखणी एका वेळी आलीत, ती आधी सुटी करा.

क्लच. गाडी पडून राहिली की प्लेटा एकमेकींना चिकटतात, म्हणून सुरुवातीला गाडी सरकत होती. थोडी चालवल्यावर त्या आपोआप सुटतात, पण तोवर तुमच्या मिस्त्रीने वायर ताणून ठेवली होती. प्लेटा सुटल्या, ताण राहिला, म्हणजे तुम्ही लिव्हर सोडलेला असतानाही क्लच थोडा दाबलेलाच. त्यात कारचं ऑइल, त्यात डबल सीट, त्यात घाट, मग जळणार नाही तर काय. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवीच, हँडल पूर्ण वळवून दोन्हीकडे बघा. नवं ऑइल टाकून सपाट रस्त्यावर चौथ्यात हळू चालवा आणि एकदम रेस द्या, आवाज वाढला पण वेग नाही तर प्लेटा गेल्या, मग उघडायचं.

लाइट. ही गाडी बॅटरी काढून ठेवली तरी किकने चालू होते, सीडीआयला (प्लगला ठिणगी देणारा डबा) करंट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळतो, त्यामुळे चालू होण्यावरून बॅटरीचं काही कळत नाही. हेडलाइट पण थेट मॅग्नेटवर, एसीवर. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट हे बॅटरीवर. म्हणजे मंद हॉर्न ही बॅटरीची तक्रार आणि उडणारे बल्ब ही आरआर युनिटची (रेग्युलेटर-रेक्टिफायर, व्होल्टेज आवरणारा डबा), दोन्हीला एकच कारण शोधलंत तर फिरत राहाल. मल्टिमीटर घ्या, इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजा, मग हॉर्न दाबून परत मोजा. आणि आरआर युनिटची हिरवी वायर बघा, या गाडीत हिरवी म्हणजे अर्थिंग, ती चेसिसला जिथे बोल्टने बसते तिथे गंज असला की युनिटला व्होल्टेज आवरता येत नाही आणि रेस दिली की बल्ब जातो. आधी ते जागेवर घासून बघा, फुकटातलं काम आहे. फ्यूज मात्र होता तेवढ्याच अँपिअरचा, वरचा नको.

छावणीकर
काका, आज सुट्टी होती तर सगळं केलं. बॅटरी इंजिन बंद असताना ११.९ दाखवली, हॉर्न दाबला की ८.७ वर पडली! सरळ नवीन घेतली, किकवाली गाडी आहे म्हणून १२ व्होल्ट २.५ एएचच. आता रेस दिली की १४.२ येतात, म्हणजे चार्जिंग ठीक होतं, बॅटरीच मेलेली. आणि टाकीखाली हिरवी वायर बघितली तर बोल्ट इतका गंजलेला की हाताने हलत होता, एमरी पेपरने घासून कसला. वायरिंग एक इंच बदलली नाही.

क्लचची वायर ढिली केली, ऑइल पण बदललं, पण घसरण पूर्ण गेली नाही. उघडलं तर फ्रिक्शन प्लेटा काळ्या चकचकीत, लोखंडी प्लेटांवर निळे डाग. दोन्ही नव्या आणल्यात, अजून बसवल्या नाहीत.

जुना_तारवाला
निळे डाग म्हणजे तो घाटच छापलाय. बसवायच्या आधी नव्या फ्रिक्शन प्लेटा ऑइलमध्ये चांगल्या भिजवा, कोरड्या बसवू नका. आणि क्लच हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्यात का नखाने चाचपून बघा. बारीक असतील तर कानशीने हलक्या हाताने सारख्या होतात, खोल असतील तर हाउसिंग बदलायचं, नाहीतर नव्या प्लेटांनीही न्यूट्रल सापडणार नाही.

छावणीकर
खाचा आहेत, नख अडकतंय पण थोडंच. कानस शेजाऱ्याकडे आहे, उद्या मागतो. हॉर्न आता इतका मोठा वाजला की आई देवघरातून बाहेर आली.