शब्दचर्चा: 'मिथ्याछाप' म्हणजे काय, आणि 'भेसळ' नक्की कशाला म्हणायचं?

माजघर:
एक शब्द अडलाय. तालुक्यातल्या बचत गटांसाठी दोन पानी पत्रक लिहितेय. चिवडा, लाडू, मसाल्याच्या पाकिटांवर काय काय छापायचं, एवढाच विषय. कायद्यात 'मिसब्रँडेड' असा शब्द आहे आणि सरकारी मराठीत त्याला 'मिथ्याछाप' म्हणतात. गेल्या आठवड्यात तो पंधरा-सोळा बायकांसमोर वाचला, तर मागून एकीनं विचारलं, "हा कुठला ब्रँड, ताई?" तिचं काय चुकलं? गायछाप, घोडाछाप ऐकत वाढलेल्या कानाला मिथ्याछाप हा चिवड्याचाच ब्रँड वाटणार.

पत्रकाचं निमित्त सांगते. गटातल्या एकीच्या बेसन लाडवांच्या पाकिटावर तारीख आणि बॅच नंबर छापायचा राहिला. नमुना घेतला गेला, नोटीस आली, आणि ती बरोबरच आली. पण चार दिवसांत गावभर झालं ते असं: अमकीच्या लाडवात भेसळ सापडली. बेसन चांगलं, तूप चांगलं, आणि दिवाळीच्या ऑर्डरी गेल्या. मला असा शब्द हवाय जो 'भेसळ'च्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही.

खलबत्ता:
अन्नाचे नमुने तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

1954 साली आला तो 'अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा'. भेसळ नावातच. पन्नासहून जास्त वर्षं लोकांनी तेच ऐकलं. 2006 साली नवा कायदा झाला, त्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले, आणि नावातून भेसळ गेली: 'अन्न सुरक्षा आणि मानके'. त्यात खराब मालाची मुख्य खाती तीन. असुरक्षित, कमी दर्जाचं आणि मिथ्याछाप. भेसळीसाठी जो पदार्थ वापरतात त्याची व्याख्या नव्या कायद्यात आहे, पण 'भेसळयुक्त अन्न' असं जुन्या कायद्यासारखं वेगळं खातं राहिलेलं नाही.

फरक नुसता शब्दांचा नाही. कमी दर्जाला 5 लाखांपर्यंत दंड, मिथ्याछापला 3 लाखांपर्यंत. असुरक्षित ठरलं तर तुरुंग, आणि खाणारा दगावला तर किमान 7 वर्षं ते जन्मठेप. दुधात नुसतं पाणी घातलं तर ते कमी दर्जाचं, डिटर्जंट घातलं तर असुरक्षित. कट्ट्यावर मात्र दोन्हीला एकच शब्द.

टिंब:
'मिथ्या' हा शब्द ज्यानं निवडला त्याला साष्टांग दंडवत. शंकराचार्यांनी सगळं जग मिथ्या ठरवलं, त्यात बेसनाचे लाडू आले म्हणायचे.

थट्टा बाजूला ठेवतो. या शब्दात खोड आहे ती वेगळीच. मिथ्या म्हणजे खोटं. शेंगदाणा तेलाच्या डब्यात सरकीचं तेल भरून वर 'शेंगदाणा' छापलं, तर ते मिथ्या. तारीख छापायची राहिली, हे खोटं कसं? ते अपुरं. कायद्यानं खोटं आणि अपुरं एकाच पोत्यात घातलं, आणि भाषांतरकारानं पोत्यावर फक्त 'खोटं' लिहिलं. इंग्रजीतला 'मिस' चुकलेल्यालाही चालतो आणि फसवलेल्यालाही. आपल्या 'मिथ्या'ला तेवढी ढील नाही.

माजघर:
अगदी हेच! मला दोन शब्द हवेत, एक नको.

सोलकढी:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं 2018च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गदारोळ झाला, बाहेरून येणारी मासळी सरकारनं पंधरा दिवस बंद केली. तेव्हाही छापून येत होतं 'मासळीत भेसळ'. मला तो शब्द खटकायचा. भेसळीत कायतरी मिसळावं लागतं ना? माल वाढावा, वजन वाढावं म्हणून हळकुंडाच्या पुडीत दुसरी पूड. इथं इसवण ती इसवणच. फक्त मढं टिकवायचं औषध तिला लावलं. बाजारात एक बाई म्हणाली, "नुस्तें बाटयलां." बाटवलेली मासळी. मला हा शब्द चपखल वाटला.

शेंगदाणा:
'भेसळ'मधलं मिसळणं सोलकढींनी बरोबर पकडलं. शेजारी गुजराती 'भेळसेळ' म्हणतात. पण गंमत बघा, मिसळीला आपण पैसे मोजतो, भेळेला रांग लावतो, आणि भेसळ म्हटलं की पोलीस.

आणि 'निर्भेळ' कुठं गेला? ज्यात भेळ नाही तो निर्भेळ. इतका नेमका शब्द हाताशी असून आपण त्याला आनंद आणि यश यांच्याकडं कायमचा नोकरीला लावलाय. निर्भेळ दूध असं कोणी म्हणत नाही. दुधाला 'शुद्ध', तुपाला 'साजूक', सोन्याला 'चोख'.

खलबत्ता:
'शुद्ध' जपून वापरा. जाहिराती आणि दाव्यांचे 2018चे नियम आहेत. शुद्ध, नैसर्गिक, ताजं, पारंपरिक, अस्सल या अर्थाचे शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यात आहेत. आणि माजघरताई, तुमच्या कामाचं म्हणजे दिशाभूल होईल असं 'होम मेड' किंवा 'होम कुक्ड' लिहू नये, हेही त्यात आहे.

माजघर:
अहो, मग 'घरगुती'चं काय? आमचं अर्धं दुकान त्या एका शब्दावर चालतं.

टिंब:
तुमच्या बायका खरंच घरात करतात, दिशाभूल कुठली? ज्यांच्या 'घरात' तीनशे कामगार आणि कन्व्हेयर पट्टा आहे, त्यांनी घाबरावं.

वजनकाटा:
'बनावट पनीर'वरही बोला कोणीतरी. आमचा डेअरीचा व्यवसाय आहे. 'ॲनालॉग' म्हणजे ज्यात दुधातल्या घटकांच्या जागी, पूर्ण किंवा थोडे, दुधाबाहेरचे घटक घातलेत. बहुधा पामतेल. तसं स्पष्ट छापून विकलं तर तो गुन्हा नाही. हॉटेलात 'पनीर' म्हणून वाढलं की गुन्हा. बातम्यांत मात्र सरसकट बनावट. बनावट नोट कायद्यानं कोणाला छापता येते का?

शेंगदाणा:
'पनीरसदृश'? जरा पावसासारखं वाटतं, ढगफुटीसदृश, पण अर्थ बसतो.

खलबत्ता:
हे भांडण जुनं आहे, तेव्हा पनीरच्या जागी तूप होतं. 'वनस्पती तूप' हे नावच मुळात गोंधळाचं. वनस्पती स्वतः भेसळ नव्हे, साजूक तुपात शिरलं की भेसळ. रंग, रवा, वास जुळवता येतो, मग ओळखायचं कसं? सरकारनं नामी युक्ती केली. वनस्पती करणाऱ्यांना त्यात किमान 5 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. म्हणजे फितूर आधीच आत पेरून ठेवला. परीक्षानळीत वितळलेलं तूप, तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल, फरफ्युरलचे थोडे थेंब, जोरात हलवायचं आणि नळी स्टँडला लावून थांबायचं. तूप वर येतं, आम्ल खाली बसतं. खालचा थर गुलाबी झाला की तीळ बोलला. बोदुआँ चाचणी म्हणतात तिला. पहिल्यांदा केली तेव्हा मी नळी घेऊन साहेबांच्या खोलीत पळत गेलो होतो.

माजघर:
वा! पण माझं गाडं पुढं ढकला. दुसरा अडलेला शब्द: 'बेस्ट बिफोर'. सगळ्याजणी 'एक्सपायरी' म्हणतात. एक नाही ना दोन्ही?

खलबत्ता:
नाही. 'बेस्ट बिफोर' चवीचं, दर्जाचं बोलतो. त्यानंतर पदार्थ विषारी होत नाही, उतरतो. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊच नये. 2020च्या लेबल नियमांनुसार ही दुसरी तारीख सक्तीची, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक, हवं तर जोडीला. दुकानात ताटात मांडलेल्या सुट्या मिठाईला मात्र 1 ऑक्टोबर 2020 पासून 'बेस्ट बिफोर'चीच पाटी सक्तीची झाली.

टिंब:
एक्सपायरीला 'मुदतबाह्य' आहेच, वर्तमानपत्रं औषधांना वापरतात. 'बेस्ट बिफोर'ला मराठी नाही, कारण मराठीला तारखेची गरजच पडली नाही. प्रत्येक पदार्थाचं बिघडणं वेगळं आणि त्याला क्रियापद वेगळं. दूध नासतं. भात विटतो. आमटी आंबते. भाकरीला बुरशी येते. फळ सडतं, कांदा कुजतो, रव्याला जाळी धरते, तांदळात पोरकिडे होतात. चिवडा यातलं काहीच करत नाही, तो आधी सादळतो आणि मग खवट होतो. सादळलेला मंद आचेवर परतून पुन्हा पानात येतो, खवट झालेला येत नाही. हाच की 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी'मधला फरक! माझी आजी डबा उघडून एकदा नाक लावायची आणि निकाल द्यायची: "सादळलाय, खवटला नाही."

शेंगदाणा:
टिंबराव, हे पत्रकात जसंच्या तसं जायला हवं.

माजघर:
गेलंच समजा. सादळण्याची तारीख आणि खवटण्याची तारीख. बायकांना अर्ध्या मिनिटात कळेल.

हडसनकाठ:
न्यू जर्सीहून. आमच्याकडं बाळांचं फॉर्म्युला दूध सोडलं तर तारखेबद्दल केंद्र सरकारचा सक्तीचा नियमच नाही, त्यामुळं पाकिटांवर दहा तऱ्हेचे शब्द दिसतात. पण मला 'ॲलर्जी'बद्दल विचारायचंय. 1 जानेवारी 2023 पासून इथं तीळ हा नववा मुख्य ॲलर्जन झाला. मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ पाकिटांत भरून विकायचा होता, तेव्हा 'यात तीळ आहेत' हे ठळक लिहावं लागलं. तिळगुळावर! पाकिटावर मराठीतही ओळ टाकली: 'तिळाचं वावडं असल्यास खाऊ नये.' तर एक काका भडकले. म्हणे वावडं म्हणजे नावड, आजार नव्हे.

टिंब:
काका अर्धे बरोबर. 'त्याला कष्टाचं वावडं आहे' यात आजार नाही, आळस आहे. पण 'तिला वांग्याचं वावडं, अंगावर पित्त उठतं' हेही मराठीच, आणि जुनं. ओळीत 'पित्त उठत असेल, घसा सुजत असेल तर' असं जोडा, मग कोणाला नावड वाटणार नाही.

खलबत्ता:
भारताच्या यादीत गट आठच. ग्लूटेनची धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. तीळ नाही. लाडवांना तीळ लागला तरी इथं ती ओळ सक्तीची नाही. बेसन लाडवात तूप आहे, म्हणून 'दूध' मात्र लिहावं लागेल.

वजनकाटा:
एक बोच राहिली. एवढे शब्द घासूनपुसून काढले, पण पाकिटावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा असतो. इतर भाषा जोडीला चालते, एकटी नाही. लिपी आपली चालते, भाषा वरकड. नुसतं मराठीत छापलेलं पाकीट म्हणजे पुन्हा मिथ्याछापच.

माजघर:
अरे देवा. हे आधी कळलं ते बरं झालं, दोन गटांनी नुसतं मराठीतच छापलंय. आता कच्चा मजकूर टाकते, चुका काढा:

'पाकिटावर जे छापायला हवं ते राहिलं, तर तो लेबलदोष. पाकीटावर जे नाही ते आहे म्हणून छापलं, तर ती खोटी छाप. कायदा दोन्हीला एकच नाव देतो, मिथ्याछाप. नोटिशीत हा शब्द दिसला तर आधी कलम बघा. 52 असेल तर मामला लेबलचा आहे. 59 असेल तर माल असुरक्षित ठरलाय, त्याच दिवशी वकील गाठा. नोटिशीत नसेल तर भेसळ हा शब्द तुम्हीही उच्चारू नका, शेजारणीबद्दल तर मुळीच नाही.'

सोलकढी:
शेवटचं वाक्य ठळक करा.

टिंब:
'पाकीट' दीर्घ, पण 'पाकिटावर' ऱ्हस्व. दुसऱ्या वाक्यात दीर्घ पडलाय.

माजघर:
छपाईवाल्याला फोन करते. कालच दिलं होतं.