मदत हवी आहे: वाचनालयाच्या वेबसाइटसाठी टेम्प्लेट निवडताना अडले आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी रोज संध्याकाळी मदतीला जाते. 'ब' वर्गाचं वाचनालय आहे, पुस्तकं आठ हजारांच्या आसपास. यंदा कार्यकारी मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. मला टायपिंग आणि एक्सेल येतं, वेबसाइट आजवर कधी केलेली नाही. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेऊन झालं, साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअरही बसलं. टेम्प्लेटपाशी मात्र तीन आठवडे गाडी अडली आहे.

बारा-तेरा थीम (वर्डप्रेसमध्ये टेम्प्लेटला थीम म्हणतात) लावून पाहिल्या. एक फार आवडली होती. डेमोमध्ये, म्हणजे थीमच्या नमुना पानावर, पानभर मोठा फोटो आणि त्यावर ठसठशीत इंग्रजी नाव. तिथे मी आमचा फोटो टाकला, म्हणजे लोखंडी कपाटं आणि ट्यूबलाइट, आणि वर वाचनालयाचं नाव लिहिलं. नावातली अक्षरं एकमेकांपासून सुटी झाली, शिरोरेषा मध्ये मध्ये तुटली. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' या मथळ्यातले रफार वरून कापले गेले. टाइप करताना माझंच काही चुकलं असेल म्हणून तीनदा पुन्हा लिहिलं. तरी तेच.

आमचे बरेचसे सभासद साठीच्या पुढचे आहेत आणि ते सगळं मोबाइलवरच बघतील. त्यांना वेळापत्रक, सूचना, नवीन आलेली पुस्तकं आणि जमलं तर पुस्तकांची यादी हवी आहे. यासाठी कोणती थीम घ्यावी? मंडळातल्या एकांच्या भाच्याने एक पेड थीम पेनड्राइव्हवर फुकट आणून दिली आहे, ती लावू का? आणि आज एक घेतली, पुढच्या वर्षी बदलावीशी वाटली, तर लिहिलेलं सगळं जाईल का?

प्रतिसाद १

ताई, पेनड्राइव्हवरची थीम अजिबात लावू नका. पेड थीमच्या अशा फुकट प्रतींमध्ये बऱ्याचदा कुणीतरी चोरटा कोड घातलेला असतो. साइट परस्पर जुगाराच्या जाहिरातींकडे जायला लागते आणि ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. शिवाय तिला अपडेट मिळत नाहीत. वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीत हजारो मोफत थीम आहेत, त्यांतलीच घ्या.

प्रतिसाद २

तुमचं टायपिंग बरोबर आहे. चूक थीमचीही म्हणता येणार नाही, ती रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतात. देवनागरीत तेच अंतर शिरोरेषा तोडतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजी मथळ्यांना कमी चालतं, पण आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. एवढं सगळं मावायला जागा लागते.

तिसरी गोष्ट फाँटची. डेमोमधल्या फाँटमध्ये बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. मग ब्राउझर हाताशी असेल तो मराठी फाँट लावतो, आणि तुमच्या लॅपटॉपवर एक दिसतं तर सभासदांच्या फोनवर दुसरंच.

म्हणून माझं सांगणं असं, की डेमो बघून थीम निवडू नका. आधी तुमचा खरा मजकूर एका पानावर टाका: वाचनालयाचं पूर्ण नाव, एक लांबलचक सूचना, वेळापत्रक आणि तोच ट्यूबलाइटचा फोटो. मग थीम बदलत जा आणि प्रत्येक वेळी ते पान फोनवर उघडा. मोठ्या फोटोवर उभ्या असलेल्या थीम आपोआप गळतील. तुमचं काम मजकुराचं आहे, तेव्हा मजकूर नीट वाचता येईल अशी साधी थीम घ्या.

मी असतो तर वर्डप्रेससोबत येणारी ट्वेन्टी ट्वेन्टी-फाइव्ह लावून सुरुवात केली असती. ती ब्लॉक थीम आहे, म्हणजे कोड न लिहिता एडिटरमधल्या 'स्टाइल्स'मध्ये जाऊन अक्षरांमधलं अंतर शून्य करता येतं, ओळींमधलं वाढवता येतं. वर्डप्रेस ६.५ पासून फाँटही तिथूनच घालता येतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. जाडीचे दोनच प्रकार निवडा, नाहीतर पान उघडायला उशीर लागतो. अक्षर १८ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, ज्येष्ठ वाचक आशीर्वाद देतील.

प्रतिसाद ३

थीम बदलली तरी लेख, पानं, फोटो जात नाहीत, ते थीमपासून वेगळे साठवलेले असतात. मेनू आणि वरखालची मांडणी पुन्हा लावावी लागू शकते. मात्र एखाद्या थीमच्या स्वतःच्या बिल्डरमध्ये (पानं मांडायच्या साधनात) पानं बांधली असतील, तर थीम काढल्यावर मजकुरात चौकोनी कंसांतली सांकेतिक भाषा उरते. आमच्या पतसंस्थेच्या साइटवर ती निस्तरायला मला दोन रविवार लागले. वर्डप्रेसच्या साध्या ब्लॉकमध्येच (परिच्छेद, मथळा, फोटो अशा तुकड्यांत) लिहा.

पुस्तकयादीचा आणि थीमचा संबंध नाही. टेबलप्रेस नावाचं मोफत प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जादा साधन) एक्सेलची फाइल घेतं आणि वर शोधपेटीही देतं. आठ हजार ओळी एकाच पानावर टाकू नका, फोन दमेल. कादंबरी, चरित्र, बालसाहित्य अशी वेगवेगळी पानं करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पेनड्राइव्ह परत केला. काल रात्री ट्वेन्टी ट्वेन्टी-फाइव्ह लावली, मुक्ता फाँट घातला आणि अंतर शून्य केलं. नावाची शिरोरेषा सलग दिसली तेव्हा इतकं बरं वाटलं! आज आमच्या ग्रंथपाल काकांना त्यांच्याच फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा न लावता वेळापत्रक वाचलं.

मुख्य मथळ्याचा रफार अजून किंचित कापला जातोय. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट आहे. किती ठेवू?

प्रतिसाद २

१.४ करून बघा. तरीही कापला गेला तर १.५.